खोडदची जाळी

खोडदला जीएमआरटीच्या आवारात एकदा त्या जाळीचा तुकडा हातात घेऊन पाहता आला. तार इतकी बारीक की शाळकरी मुलांच्या पेन-पेन्सिलमधलं शिसं आठवावं. जाडी 0.55 मिलिमीटर. स्टेनलेस स्टीलची. तुकडा थाळीच्या मधल्या भागातला असेल तर भोकं एक सेंटिमीटरची असतात, त्यात करंगळी अडते. अगदी कडेच्या भागातला असेल तर भोकं दोन सेंटिमीटरची असतात आणि त्यातून बोट सहज आरपार जातं. तळहातावर ठेवला तर वजन जाणवत नाही. पाखरांनी दाणे खाऊ नयेत म्हणून खळ्यावर टाकतात तसं काहीतरी वाटतं. आणि मग मान वर करून पाहिलं की हीच जाळी 45 मीटर व्यासाच्या थाळीवर ताणून बसवलेली दिसते. तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसतं, ढग सरकताना दिसतात.

पुण्याच्या उत्तरेला सुमारे 80 किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यात, द्राक्षं-टोमॅटो-कांद्याच्या मळ्यांमध्ये अशा 30 थाळ्या उभ्या आहेत. त्यातल्या 14 खोडदजवळच्या साधारण एक चौरस किलोमीटरच्या जागेत, उरलेल्या 16 इंग्रजी वायच्या आकारात तीन दिशांना पांगलेल्या, टोकापासून टोकापर्यंत सुमारे 25 किलोमीटर. सगळ्या मिळून एकच दुर्बीण. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. सगळ्या थाळ्यांचं क्षेत्रफळ एकत्र केलं तर जवळपास बारा एकर भरतं. अमेरिकेतली 1980 मध्ये सुरू झालेली व्हेरी लार्ज अ‍ॅरे ही जगप्रसिद्ध दुर्बीण 25 मीटरच्या 27 थाळ्यांची आहे. तिच्या तिप्पट आणि वर हे क्षेत्रफळ होतं.

तंत्रज्ञानाचे प्रकल्प यशस्वी का होतात, या प्रश्नावर व्यवस्थापनशास्त्रात ढीगभर लिखाण आहे. त्यातले दोन शब्द सारखे भेटतात: नेतृत्वाची शैली आणि कर्मचाऱ्यांची नवनिर्मिती. दोन्ही शब्द कागदावर फार गुळगुळीत दिसतात. मला ते पहिल्यांदा खरे वाटले ते या जाळीमुळे. कारण ही जाळी कोणा एकाच्या डोक्यातून एका रात्रीत निघालेली नाही, आणि ती कुठल्या समितीनंही ठरवलेली नाही. तिच्यामागे पंचवीस वर्षांची एक काम करण्याची रीत आहे. ती रीत समजून घ्यायची तर गोविंद स्वरूप या माणसापासून सुरुवात करावी लागते.

स्वरूप मूळचे उत्तर प्रदेशातले, जन्म 1929 चा. अलाहाबादला शिक्षण, मग दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा, तिथून 1953 मध्ये ऑस्ट्रेलियात रेडिओ खगोलशास्त्राचे धडे आणि पुढे स्टॅनफर्डला पीएचडी. तिथंच ते प्राध्यापकी करत होते. 1961 मध्ये परदेशात असलेल्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी मिळून देशातल्या संस्थांना पत्रं लिहिली: आम्ही परत यायला तयार आहोत, आपल्याकडे हा विषय उभा करूया. सर्वांत झटपट आणि ठोस उत्तर आलं ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून, होमी भाभांचं. 1962 च्या सुरुवातीला तार आली की रेडिओ खगोलशास्त्राचा गट स्थापन करायचं ठरवलं आहे. मागून आलेल्या पत्राचा आशय असा होता की गटानं अपेक्षा पूर्ण केल्या तर पुढे याहून फार मोठी यंत्रं उभारता येतील.

भाभांची ही पद्धत नीट पाहण्यासारखी आहे. त्यांनी आधी इमारत, मग पदं, मग जाहिरात असा क्रम लावला नाही. आधी माणूस पारखला आणि मग त्याच्याभोवती काम वाढू दिलं. शिवाय पहिल्याच पत्रात मोठ्या कामाची दिशा दाखवली. स्वरूप 1963 मध्ये मुंबईला आले तेव्हा त्यांना हे पाठबळ मिळालेलं होतं, आणि पुढे त्यांनी आपल्या हाताखालच्या तरुणांना तेच दिलं.

पहिलं काम कल्याणला झालं. ऑस्ट्रेलियानं भारताला भेट दिलेल्या सहा-सहा फुटांच्या 32 छोट्या थाळ्या दिल्लीत नुसत्या पडून होत्या. त्या आणून कल्याणजवळ मांडल्या आणि 1965 मध्ये त्यांच्या मदतीनं सूर्याचा अभ्यास सुरू झाला. या कामाला लागलेली मुलं नुकती शिकून बाहेर पडलेली होती. त्यातल्या बऱ्याच जणांनी रेडिओ दुर्बीण आधी कधी पाहिलेलीही नव्हती. दुसऱ्याची जुनी यंत्रं खोलायची, जोडायची, बिघडली तर दुरुस्त करायची, हे त्यांचं खरं शिक्षण झालं. आज कंपन्यांमध्ये प्रशिक्षणाच्या नावाखाली दोन दिवस एसी हॉलमध्ये स्लाइड दाखवतात. कल्याणच्या उन्हात सोल्डरिंग करताना जे हाती लागलं ते तशा हॉलमध्ये कधी मिळणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

त्याच वेळी स्वरूप यांच्या डोक्यात दुसरं काहीतरी शिजत होतं. आकाशातला एखादा रेडिओ स्रोत चंद्राआड जातो, तेव्हा त्याचा संदेश ज्या तऱ्हेनं मंदावत जातो त्यावरून त्या स्रोताची जागा आणि आकार फार बारकाईनं काढता येतो. चंद्राची कड जणू पट्टीसारखी वापरायची. ऑस्ट्रेलियात याच युक्तीनं 3सी 273 या वस्तूची अचूक जागा मिळाली आणि 1963 मध्ये क्वेसारचा उलगडा झाला. मात्र अशा शेकडो स्रोतांचा अभ्यास करायचा तर चंद्राच्या मागे तासन् तास फिरू शकेल अशी भलीमोठी दुर्बीण हवी. मोठी थाळी दोन्ही दिशांना फिरवायची म्हणजे प्रचंड यंत्रसामग्री आणि प्रचंड पैसा. तो भारताकडे नव्हता.

उत्तर डोंगरानं दिलं. पन्हळीच्या आकाराचा लांबलचक आरसा करायचा आणि तो अशा उतारावर ठेवायचा की त्याचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर येईल. मग एकाच अक्षाभोवती फिरवला की आकाशातला स्रोत नऊ-साडेनऊ तास नजरेत ठेवता येतो. त्यासाठी उतार उत्तर-दक्षिण हवा आणि त्याचा कोन त्या जागेच्या अक्षांशाइतका हवा. दक्षिण भारत पालथा घातल्यावर निलगिरीत उटीजवळ असा डोंगर सापडला. अक्षांश सुमारे 11 अंश, उतारही सुमारे 11 अंश. तिथं 530 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद दुर्बीण उभी राहिली. तिचा आरसा पत्र्याचा नाही. 24 कमानींवरून लांबीभर ताणलेल्या स्टेनलेस स्टीलच्या 1,100 तारा हाच तो आरसा. 1970 मध्ये ती चालू झाली. बनवणारे बहुतेक विशीत-तिशीत होते.

तारेशी या गटाची ओळख इथंच झाली. आणि आणखी एक सवय लागली: पैसा कमी आहे, म्हणून मागायचं कमी, असं म्हणायचं नाही. पैसा कमी आहे, तर मग हे यंत्र मुळात वेगळ्या तऱ्हेनं कसं करता येईल, असं विचारायचं. वाक्यात फरक थोडाच दिसतो, पण पुढचं सगळं या फरकावर उभं राहिलं.

स्वरूप यांच्याबरोबर काम केलेली माणसं त्यांच्याबद्दल बोलताना बहुधा एक गोष्ट सांगतात. कल्पना सुचली की ते थांबत नसत. वेळ-काळ न पाहता कोणालाही फोन करत, अगदी काल रुजू झालेल्या इंजिनिअरलाही, आणि विचारत की हे असं करता येईल का, हिशेब करून पाहतोस का? समोरच्याला पद विचारायची त्यांना गरज वाटत नसे. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते प्रश्नाचं रूप. असं कर, अशी आज्ञा नव्हती. असं होईल का, हा खराखुरा प्रश्न होता, आणि होणार नाही असं हिशेबानं दाखवणाऱ्याचं ऐकलं जात होतं.

याच्या उलट वातावरण कसं असतं ते मी जवळून पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत कामाला होतो. जुन्या सॉफ्टवेअरमधली ग्राहकांची माहिती नव्यात हलवायची होती. टेस्टिंगमधल्या एका मुलीच्या लक्षात आलं की काही जुन्या नोंदींमध्ये तारीख आणि महिना यांची अदलाबदल होते आहे. तिनं मीटिंगमध्ये हात वर केला. मॅनेजर म्हणाले, ‘प्रॉब्लेम घेऊन येऊ नकोस, सोल्यूशन घेऊन ये.’ सगळे हसले. तीही हसली आणि खाली बसली. नंतर तिनं हात वर केलेला मला आठवत नाही. यंत्रणा सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी ग्राहकांचे फोन यायला लागले, आणि सहा आठवडे आम्ही रात्री जागून हातानं तारखा दुरुस्त केल्या. ते मॅनेजर वाईट नव्हते, मेहनती होते. त्यांनी ते वाक्य कुठल्यातरी पुस्तकात वाचलं होतं आणि त्यांना ते शिस्तीचं वाटत होतं. पण ज्याला अडचण दिसते त्याच्याकडे उत्तर असेलच असं नाही. उत्तर मिळेपर्यंत गप्प बसायला सांगितलं की अडचणीची बातमी सर्वांत उशिरा पोचते, आणि तीही ग्राहकाकडून.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना नव्वदच्या दशकात याचाच उलट्या बाजूनं प्रत्यय आला. इस्पितळांमधल्या परिचारिकांच्या गटांत औषधं देताना होणाऱ्या चुका त्या अभ्यासत होत्या. अपेक्षा अशी की चांगल्या नेतृत्वाच्या, एकदिलानं चालणाऱ्या गटांत चुका कमी असतील. आकडे उलटे आले. चांगल्या गटांतच चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर उलगडा झाला तो असा की त्या गटांत माणसं चुका लपवत नव्हती, मोकळेपणानं सांगत होती. वाईट गटांत चुका होत होत्या, त्या वर येत नव्हत्या. 1999 च्या लेखात त्यांनी या मोकळेपणाला मानसिक सुरक्षितता म्हटलं आणि तो शब्द आता सगळीकडे पसरला आहे.

नेतृत्वशैलीबद्दलची दुसरी ठळक मांडणी जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांची 1978 ची, आणि तिला कामाच्या जागी आणणारी बर्नार्ड बास यांची 1985 ची. एक नेता देवघेवीवर चालतो: एवढं काम कर, एवढं मिळेल, चुकलास तर कापलं जाईल. दुसरा माणसांसमोर मोठं चित्र ठेवतो, त्यांच्या बुद्धीला आव्हान देतो, प्रत्येकाकडे वेगळं लक्ष देतो. दुसऱ्या प्रकाराखाली नवं जास्त सुचतं हे पुढच्या अभ्यासांतून बऱ्याचदा दिसलं. हे बरोबरच आहे. तरी मला ही विभागणी अपुरी वाटते, कारण कल्पना सुचणं हा प्रकल्पाचा निम्माच भाग. सुचलेली कल्पना 30 वेळा, तीच्या तीच, मिलिमीटरच्या हिशेबात उभी करायची असते. तिथं नुसती प्रेरणा पुरत नाही. 2011 मध्ये काट्रिन रोझिंग, मायकेल फ्रेझे आणि आंद्रेआस बाउश यांनी हे नेमकं पकडलं. त्यांचं म्हणणं, नवनिर्मितीच्या कामात नेत्याला दोन परस्परविरोधी गोष्टी कराव्या लागतात. कधी सैल सोडायचं, कधी आवळायचं. आणि कुठल्या वेळी काय, हे ओळखायचं.

खोडदमध्ये हे दोन्ही दिसतं, पण त्याच्या आधी एक अपयश आहे. उटीनंतर स्वरूप यांनी त्याच कल्पनेचं मोठं रूप मनात धरलं होतं. विषुववृत्तावर दोन किलोमीटर लांबीची पन्हळ. विषुववृत्तावर का, तर तिथं अक्षांश शून्य, म्हणजे डोंगराची गरजच नाही. सपाट जमिनीवर उत्तर-दक्षिण ठेवली की अक्ष आपोआप जुळतो. केनिया किंवा इंडोनेशियात, विकसनशील देशांनी मिळून ही उभारायची. फार सुंदर स्वप्न होतं ते. बरीच वर्षं पाठपुरावा झाला आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते विरलं. अनेक देशांचा पैसा आणि अनेक देशांची मर्जी एकत्र आली नाही.

एका माणसानं सात-आठ वर्षं जोपासलेली कल्पना हातातून जाते तेव्हा तो काय करतो, यावरून मला त्याचं नेतृत्व कळतं. स्वरूप यांनी दुर्बीण भारतातच करायचं ठरवलं. 1984 च्या सुमारास पहिला विचार पुन्हा पन्हळींचाच होता, आणि ते साहजिक होतं. उटीची पन्हळ त्यांचीच, जगात नाव झालेली, हात बसलेला. पण चर्चा होत गेल्या तशा पन्हळीच्या मर्यादा पुढे आल्या. वेगवेगळ्या तरंगलांबींवर काम करायचं तर फिरणारी थाळी कितीतरी सोयीची. थाळीच्या नाभीपाशी चार बाजूंना चार ग्राहक बसवता येतात आणि हवा तो फिरवून समोर आणता येतो. पण थाळी महाग, म्हणूनच तर वीस वर्षांपूर्वी पन्हळ निवडली होती! प्रश्न फिरून तिथंच आला: स्वस्त थाळी कशी करायची?

45 मीटरच्या थाळीचा खरा शत्रू तिचं स्वतःचं वजन नाही, वारा आहे. भरीव थाळी म्हणजे शिड झालं. वादळात ती उभी राहावी म्हणून सांगाडा जाड, सांगाडा जाड म्हणून वजन जास्त, वजन जास्त म्हणून फिरवणाऱ्या मोटारी मोठ्या, पाया मोठा आणि खर्च मोठा. ही साखळी पहिल्याच कडीला तोडायची तर वारा आरपार जाऊ द्यायला हवा. रेडिओ लहरींना मात्र अडवायला हवं. हे दोन्ही एकदम जमतं, कारण लहरीच्या लांबीपेक्षा भोक पुष्कळ लहान असेल तर त्या लहरीच्या दृष्टीनं तिथं भोकच नसतं. खोडदची सर्वांत आखूड लहर सुमारे 21 सेंटिमीटरची, आणि सर्वांत मोठं भोक दोन सेंटिमीटरचं. लहर परत फिरते, वारा निघून जातो.

राहिला प्रश्न आकाराचा. जाळीला वाडग्याची गोलाई कशी द्यायची? इथं दोरखंडाची कल्पना आली. थाळीला मधून कडेकडे जाणाऱ्या 16 बाकदार फासळ्या. दोन फासळ्यांच्या मध्ये स्टीलचे बारीक दोर ताणून बांधायचे, आणि त्या दोरांवर जाळी ओढून बसवायची. एकेक तुकडा सपाटच असतो, पण लहान लहान सपाट तुकडे मिळून हवा तो बाक तयार होतो. बाजेला सुंभ विणताना ताण बसत जातो तशी ही थाळी ताणावर उभी आहे. या बांधणीला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘स्मार्ट’ असं नाव पडलं. कल्पना स्वरूप यांची. पण दोरात किती ताण ठेवायचा, उन्हानं तो किती सैल पडेल, फासळी किती वाकेल, हे सगळं इंजिनिअरांनी आकडेमोड करून, प्रत्यक्ष बांधून, सोडून, पुन्हा बांधून ठरवलं. कल्पनेचा धनी एक असला तरी ती खरी करणाऱ्यांची यादी फार लांब असते, आणि त्यातली बरीच नावं कुठल्या शोधनिबंधावर येत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

1987 मध्ये प्रकल्पाला मंजुरी मिळाली आणि तिथून आवळण्याचा काळ सुरू झाला. आराखडा ठरल्यावर प्रत्येक थाळी सारखीच व्हायला हवी होती. तिसाव्या थाळीवर कोणाला नवी युक्ती सुचली म्हणून ती वेगळी करून चालणार नव्हतं. मूळ योजना 34 थाळ्यांची होती. किमती वाढल्या तेव्हा चार कमी केल्या, पण थाळीचा व्यास आणि अचूकपणा तसाच ठेवला. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. पैसे कमी पडले की सगळीकडूनच थोडं थोडं छाटायचं, ही आपल्याकडची नेहमीची तऱ्हा. त्यात कोणीच रागावत नाही आणि काहीच धड होत नाही. इथं संख्या सोडली, गुण सोडला नाही.

कामही वाटून दिलेलं होतं. थाळ्या फिरवणाऱ्या यंत्रणेत भाभा अणुसंशोधन केंद्राचा हात, काही ग्राहक आणि उपकरणं बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेची, आणि पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र. लांबलांबच्या थाळ्यांमधून संदेश आणायला ऑप्टिकल फायबर वापरायचं ठरलं तेव्हा भारतात तो शब्दही नवीन होता. ज्या वयात मुलं पहिली पगारवाढ मोजत असतात त्या वयात काही इंजिनिअर शेतांच्या बांधाखालून फायबर टाकत फिरत होते.

दुर्बीण उभी राहिली तरी त्रास संपला नव्हता. खोडदची जागा निवडली ती भोवतालचे डोंगर शहरांचा रेडिओ-गोंगाट अडवतात म्हणून. पण गोंगाट आतूनच निघाला. विजेच्या तारांवर कुठं सांधा सैल असला की ठिणगी उडते, आणि ती ठिणगी दुर्बिणीला लाखो प्रकाशवर्षांवरच्या आकाशगंगेपेक्षा मोठ्यानं ऐकू येते. मग गाडीत छोटा अँटेना घेऊन गावोगाव फिरायचं, कुठल्या खांबाकडून आवाज येतो ते शोधायचं, वीज मंडळाच्या माणसांना बरोबर घेऊन तो सांधा घट्ट करून घ्यायचा. मोठ्या विज्ञानाचं हे काम वायरमनच्या पकडीनं होत होतं. अशा कामाला नवनिर्मिती म्हणायला व्यवस्थापनाची पुस्तकं कचरतात. मी म्हणेन. प्रत्येक गावातला खांब वेगळा, आणि तो ओळखायची रीत कोणी आधी लिहून ठेवलेली नव्हती.

4 ऑक्टोबर 2001 रोजी रतन टाटा यांच्या हस्ते दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली. मंजुरीपासून चौदा वर्षं. वेळ आणि खर्च एवढंच यशाचं माप धरलं तर शेरा काही फार चांगला मिळणार नाही. वैज्ञानिक उद्दिष्टांचंही पाहा. एक मोठं उद्दिष्ट होतं विश्वाच्या बालपणातले हायड्रोजनचे अजस्र ढग शोधण्याचं. त्या काळच्या ज्या सिद्धान्तांनी असे ढग असावेत असं म्हटलं होतं ते सिद्धान्तच पुढे मागे पडले. दुसरं उद्दिष्ट वेगानं फिरणाऱ्या स्पंदक ताऱ्यांचं. जून 2023 मध्ये अशाच स्पंदकांच्या ठोक्यांवरून अतिशय मंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा जगातल्या अनेक गटांनी एकाच वेळी जाहीर केला, त्यात युरोपीय गटाबरोबर खोडदची मोजमापं होती. एका उद्दिष्टाला फळ यायला छत्तीस वर्षं लागली. दरम्यान या दुर्बिणीनं 150 मेगाहर्ट्झवर आकाशाचा 90 टक्के भाग पिंजून काढला, आणि त्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवल्यामुळे पुढे नेदरलँड्समधल्या एका शास्त्रज्ञाच्या पुढाकारानं त्यावर नव्यानं संस्कार होऊन 6 लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची यादी 2016 मध्ये तयार झाली. प्रकल्पाचा अहवाल लिहिणाऱ्याला हे यश कुठल्या रकान्यात टाकता आलं असतं?

नेतृत्वाची खरी परीक्षा नेता बाजूला झाल्यावर होते असं मला वाटतं, आणि खोडदची गोष्ट मला त्यासाठी सर्वांत प्रिय आहे. स्वरूप निवृत्त झाले तरी त्यांचं कामात लक्ष होतंच. पण दुर्बिणीच्या पोटातलं जवळजवळ सगळं पुढच्या पिढीनं बदललं. थाळ्यांवरून आलेले संदेश एकमेकांशी ताडून पाहणारं मूळ यंत्र खास चिप वापरून बांधलेलं होतं. 2010 च्या सुमारास तरुण मंडळींनी, परदेशातल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन, बाजारात मिळणारे साधे सर्व्हर एकत्र जोडून तेच काम सॉफ्टवेअरमधून, चालू वेळेत करून दाखवलं. पुढे त्यात संगणकी खेळांसाठी बनलेल्या ग्राफिक्स कार्डांच्या जातीचे प्रोसेसर आले. एका वेळी 32 मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकणारी दुर्बीण 400 मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकू लागली. ठरावीक पाच खिडक्यांऐवजी जवळजवळ सलग पट्टा मिळाला. ज्यांनी जुनी यंत्रणा रात्रंदिवस खपून बांधली होती त्यांच्या डोळ्यांसमोर ती काढून ठेवली गेली. पुष्कळ संस्थांमध्ये असं होत नाही. तिथं साहेबांनी बसवलेलं यंत्र साहेब गेल्यावरही हलत नाही, कारण ते हलवणं म्हणजे साहेबांचा अपमान समजतात. इथं आपली पन्हळ बाजूला ठेवून थाळी स्वीकारणारा माणूस सगळ्यांनी पाहिलेला होता.

जाळी मात्र तीच राहिली.

गोविंद स्वरूप 7 सप्टेंबर 2020 रोजी पुण्यात गेले, 91 व्या वर्षी. त्यांच्या हयातीतच, 19 ऑक्टोबर 2016 च्या संध्याकाळी, खोडदच्या नियंत्रण कक्षात वेगळीच गडबड होती. युरोपीय अवकाश संस्थेचं स्कियापारेल्ली हे यान मंगळावर उतरणार होतं. उतरताना त्याचा क्षीण रेडिओ संदेश पृथ्वीवरून थेट ऐकता येतो का हे पाहायची जबाबदारी खोडदवर होती. त्या संदेशाची वारंवारता सुमारे 401 मेगाहर्ट्झ. मूळच्या दुर्बिणीला या जागी कान नव्हता. तिच्या खिडक्या त्याच्या खाली आणि वर होत्या. नव्या पिढीनं बसवलेले 250 ते 500 मेगाहर्ट्झचे ग्राहक त्या दिवशी कामाला आले. मंगळावरून निघालेली लहर दहा मिनिटांनी जुन्नरच्या मळ्यांवर पोचली, अर्ध्या मिलिमीटरच्या तारांवरून परतली, आणि पडद्यावर एक बारीक रेघ उमटली.

रेघ हळूहळू सरकत होती. यान वातावरणात शिरलं, वेग कमी होत गेला, तशी ती वाकत गेली. मग यान जमिनीला टेकायला अगदी थोडा अवधी उरला असताना ती थांबली. यान मंगळावर आदळून नष्ट झालं हे नंतर कळलं. काहीतरी बिघडलं आहे याची पहिली खूण जगाला मिळाली ती खोडदच्या त्या पडद्यावर, आणि तिथल्या इंजिनिअरांनी ती तशीच, त्याच क्षणी, जर्मनीतल्या नियंत्रण कक्षाला कळवली.